डब्यावरची चिठ्ठी
डब्यात अस्सल तूप नसून वनस्पती तूप आहे, अशी चिठ्ठी लावण्याचा नियम आला, तेव्हा खामगावच्या आम्हां दुकानदारांना तो शिकवायला एक निरीक्षक येत. बोलणे फार मृदू. चिठ्ठी वाकडी दिसली की स्वतःच्या रुमालाने डबा पुसून ती नीट चिकटवीत आणि म्हणत, "अक्षरे गिऱ्हाइकाकडे हवीत, शेटजी. वाचणे त्यांचे काम."

एकदा ते माझ्या दुकानात असताना एका बाईने वनस्पतीच्या डब्याकडे बोट करून त्यांनाच विचारले, "साहेब, लेकीच्या बाळंतपणाले पाह्यजे. अस्सल तूपच हाय ना हे?"

त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवले. "त्यावर लिहिले आहे, बाई."

बाईला वाचता येत नव्हते. साहेबांनीच हमी दिली, असे समजून तिने गडवा पुढे केला. मी माप भरले.