उपाशीपोटी दही-साखर

ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर झाले तेव्हा वाटलं, आता माझा शब्द चालणार. तो चालला फक्त कपाटाच्या किल्ल्यांवर. बाकी थिएटरात सर्जनसाहेबांचं चालतं, घरी सासूबाईंचं, आणि पेशंटच्या पोटात त्याच्या नातेवाइकांचं.

हे शेवटचं माझ्या पेशाचं खरं दुखणं. भूल दिली की माणसाचा घसाही झोपतो. पोटात काही असलं तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरतं, आणि साधं हर्नियाचं ऑपरेशनही जिवावर बेततं. म्हणून आधी धुळ्यात आणि मग जळगावात, भूल देणाऱ्या डॉक्टरांशेजारी उभी राहून मी जन्मभर एकच प्रश्न विचारत आले, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" उत्तरही एकच, "काहीच नही, सिस्टर." आमच्याकडे चहा खाण्यातही धरत नाहीत आणि पिण्यातही. जामनेरच्या एका बाईंनी तर टेबलावर आडव्या पडल्या पडल्या मलाच झापलं, "च्या काय जेवण शे का?"

मग मी प्रश्न बदलला. गोडीत म्हणायचं, "आज गडबडीत चहात साखर कमीच पडली असेल, नाही?" माणूस लगेच सुनेची बाजू घेतो, "नही नही, चांगला व्हता!" सापडला. ऑपरेशन पुढे ढकलायचं. नव्या सिस्टरांना मी ही युक्ती शिकवली आणि घरी जेवताना रंगवून सांगितली. सगळ्यांत जास्त हसायचे माझे सासरे, आबा.

यथावकाश आबांनाच हर्निया निघाला. चहाचा डबा मी आदल्या दिवशीच कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ल्यांवर माझा शब्द चालतोच. थिएटरात भुलीचे डॉक्टर म्हणाले, "घरचं माणूस आहे सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा." मी विचारलं, "इन्चार्ज कोण आहे?"

आबांच्या उशाशी वाकले, तर तेच मिश्कील हसले. "तुना तो साखरना सवाल मले माहीत शे. च्या लिधाच नही." मला अभिमान वाटला. एवढ्या वर्षांत एक तरी घर शहाणं झालं म्हणायचं, आणि तेही माझं.

तेवढ्यात निरोप आला, सासूबाई दाराशी बोलावतायत. बाहेर आले तर त्यांच्या हातात स्टीलची वाटी.

"तुले द्यानं राही गयं," त्या म्हणाल्या. "आबासले सकायमाच दिधं."

"काय दिलं?"

"दही-साखर. शकुननं चमचाभरच देतस, पन भुक्या व्हतात. वाटीभर खादं."

मी आत धावले, तर डॉक्टर भुलीचं इंजेक्शन हातात घेऊन उभे. मी दारातूनच ओरडले, "थांबा!"

"चमचाभर दह्यासाठी, सिस्टर?" सर्व ऐकल्यावर सर्जनसाहेब वैतागले.

"वाटीभर," मी म्हटलं. "आज ऑपरेशन होणार नाही."

आबा तेवढे निरागसपणे म्हणाले, "तो शकुन शे. खानं थोडंच शे!"

बाहेर येऊन मी सासूबाईंवर मोठ्याने ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच. "आई, ते दही छातीत उतरलं असतं तर आबा गेले असते!" आणि मलाच रडू फुटलं. त्या तोंडाला पदर लावून बाकावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटरच्या दाराशी सासूबाई, पुन्हा तीच वाटी. माझं टाळकंच सरकलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला, तळव्यावर चमचाभर दही ठेवलं आणि वाटीही माझ्याच हातात दिली.

"आबासनी पानीबी नही लिधं," त्या म्हणाल्या. "त्यासना वाटानं दहीबी तूच खाय."

मी वाटी पुसून खाल्ली, हात धुतले आणि आबांच्या उशाशी जाऊन उभी राहिले.