शेवटचा हात

त्यांना सगळे घड्याळजीच म्हणतात. शेवटचं घड्याळ उघडून वीस वर्षं तरी झाली असतील. आता ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात, तेही इतर दुकानदार नाक मुरडतात असले जुनेपुराणे. पण भिंग अजून कपाळावर असतं आणि सवयी घड्याळाच्याच. टेबलावर पांढरा रुमाल पसरतात. पहिला स्क्रू काढला की बाराच्या जागी ठेवतात, दुसरा एकच्या, तिसरा दोनच्या. बसवताना तेच काटे उलटे फिरवायचे. आणि काम सुरू करण्याआधी ते एकच प्रश्न विचारतात, शेवटचा हात कोणाचा?

गेल्या गुरुवारी तो त्यांनी आमच्या घरी विचारला. मी म्हणालो, "कोणाचाच नाही."

आमचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. टाकत नाही, कारण हिचा भरतकामाचे नमुने काढायचा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नाही. सहा वर्षं चौकटी भरून भरून हिने तीनशे नमुने काढलेत. शनिवारी ते छापखान्यात द्यायचे होते. आता हिची नजर अधू झालीय, पुन्हा काढणं होणार नाही. आणि बुधवारी ही बहिणीकडे गेली तेव्हा, दर वेळी धूळ धूळ करत कुरकुरते म्हणून, मी झाकण काढून ब्रश फिरवला. त्या डब्याला हात लावायचा नाही, असा हिचा जुना हुकूम होता. संध्याकाळी हिने बटण दाबलं. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या आणि पुढे काही नाही.

घड्याळजींनी तारा तपासल्या, आतली चपटी बॅटरी बदलली, पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मी खिडकीपाशी जात होतो, परत येत होतो. पाणी आणलं, ते कोणी मागितलं नव्हतं. ही म्हणाली की बसा एका जागी, पायाला भिंगरी लागल्यासारखं काय करताय. बसलो, पण गुडघा हलतच राहिला.

तासाभराने ते म्हणाले, मशीनला डिस्क दिसतच नाहीये. म्हणजे नमुने जिच्यात आहेत ती. मेली असेल तर उपाय नाही. हिने पदराने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

मग ते डब्यात टॉर्च मारत, कोणाकडेही न बघता बोलायला लागले. तरुणपणी एका माणसाने वडिलांचं घड्याळ आणून दिलं होतं. साफ करताना त्यातलं राईएवढं चाक यांच्या चिमट्यातून उडालं. दोन दिवस जमीन चाळली. शेवटी त्या माणसाला सांगितलं की चाक आधीपासूनच नव्हतं. त्याने विश्वास ठेवला. वर पुन्हा, तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात, असंही म्हणाला. तो अजून याच रस्त्याला, उजव्या हाताच्या टोकाला राहतो. दिसला की नमस्कार करतो.

"म्हणून विचारतो हो," ते म्हणाले. "चौदा वर्षांचं मशीन, आणि आत धुळीचा कण नाही."

हिच्याकडे न बघता मी म्हणालो, "हात माझा होता. काल."

घड्याळजींनी फक्त विचारलं, काही पडलं का? तेव्हा मला आठवलं. झाकण लावल्यावर टेबलावर तांदळाएवढी काळी प्लास्टिकची टोपी सापडली होती. कशाची कळेना. टाकवेना, म्हणून हिच्या बटणांच्या डब्यात टाकली.

ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "वहिनी, डिस्क आणि सीडीचा खण एकाच तारेवर असतात. थोरली जाऊ कोण, हे ती टोपी ठरवते. टोपी गेली, दोघी धाकट्या झाल्या. आता चूल कोण पेटवणार?" पण तसली टोपी त्यांच्याकडे उरली नव्हती, बाजारातही आता सहज मिळत नाही.

हिने बटणांचा डबा रुमालाशेजारी पालथा केला. हजारभर बटणं, त्यातली निम्मी काळी. आम्ही तिघं वाकून शोधत होतो. माझ्या बोटांतून बटणं खाली पडत होती. टोपी सापडली ती हिलाच, त्या अधू नजरेला. तिने ती तळहातावर धरली आणि मला म्हणाली, "चाळीस वर्षांत घरातली एक वस्तू जागेवर ठेवली नाहीत. आणि हीच नेमकी जपून ठेवली."

टोपी बसली. पडदा उजळला. ही खुर्ची ओढून बसली आणि पहिला नमुना उघडला, मग दुसरा, मग तिसरा. तीनशे संपेपर्यंत ती माझ्याशी बोलणार नव्हती, हे मला कळलं.

घड्याळजींनी अकराच्या जागेपासून उलटे येत सगळे स्क्रू बसवले, रुमालाची घडी केली. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांचं दुकान डावीकडे. ते उजवीकडे वळले, दहा पावलं गेले आणि थांबले. भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. मी अजून फाटकाशीच होतो. मग ते तसेच, उजवीकडेच, चालू लागले.