तारीख मागणाऱ्या मॅडम

"साहेब, तारीख मिळावी." एवढंच बोलायला त्या कोर्टात न्यायाधीशांपुढे उभ्या राहत. बाहेर आल्या की गळ्यातला पांढरा बँड बोटाने सैल करत मला म्हणत, "झाली बघा आपली वकिली!"

दुसऱ्याच्या खटल्यात नुसती तारीख घेणारे असे वकील तुम्हीही पाहिले असतील. मॅडम रेणापूरच्या. लातूरला एका कंपनीत कायदा अधिकारी होत्या. कंपनीने तिथलं ऑफिसच गुंडाळलं. दुसरी नोकरी लागेपर्यंत नांदेडला बहिणीकडे राहून त्या आमच्या सीनियरांची कामं करू लागल्या. मी तिथेच ज्युनियर. खटल्याचा पुकारा व्हायला आला की फाईल त्यांच्या हातात पडायची. "वाचू नका, फक्त तारीख घ्या," सीनियर सांगत.

मॅडम तरी वाचत. कॅन्टीनमधला चहा निवून जाई.

"कशाला वाचून राहिल्यात?" मी विचारी.

"उभं मला राहायचंय ना? साहेबांनी काही विचारलं तर तोंड बघत बसू का?"

मधूनच कुठेतरी मुलाखत होई. तिकडून उत्तर एकच, "कळवतो." ते ऐकून त्यांच्याइतकाच मीही वैतागलो होतो.

अर्धापूरच्या एका आजींचं प्रकरण होतं. नवरा वारल्यावर पुतण्या त्यांना राहत्या घरातून काढू पाहत होता. त्याला रोखायला केलेला मनाईचा अर्ज आमच्याच तारखांनी रखडला होता. त्या दिवशी मॅडमनी तारीख मागितली आणि साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"आता तारीख नाही. युक्तिवाद करा, नाहीतर अर्ज फेटाळतो."

मी सीनियरांना फोन लावला. उचलला नाही. मॅडमनी मागे वळून आजींकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. आधी फाईल बघून बोलत होत्या. मग समोरच्या वकिलाने मध्ये तोंड घातलं तेव्हा म्हणाल्या, "माझं होऊ द्या." तिथून त्या थांबल्याच नाहीत. दुपारी हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत आजींना घराबाहेर काढायचं नाही.

आजींनी त्यांचे हात धरले. "बाई, माझ्या घरासाठी आज पैल्यांदा कोनी बोललं."

संध्याकाळी सीनियर भडकले. "तारीख घ्यायला पाठवलं होतं तुम्हाला! हरला असतात तर?"

"आणि गप्प बसले असते तर?" मॅडमनी फाईल टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम मिळालं नाही.

पुढे लातूरलाच नोकरी लागली, करार तपासायची. फोनवर म्हणाल्या, "पगार बरा हाय. पण इथं कोनासाठी उभंच राहावं लागत न्हाई हो."

पुढच्या तारखेला आजी आल्या त्या पिशवीत केळ्यांची फणी घेऊन.

"त्या बाई कुठं हायेत?"

"लातूरला गेल्या, आजी."

आमचे सीनियर हसत पुढे झाले. आजींनी पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरलं आणि मला विचारलं, "लातूरची गाडी कुठनं लागती, बाबा?"