एकही हात वर गेला नाही
पत्रकं चिकटवायची खळ शिजू लागली, की तिच्या वासासरशी मला धुळ्याजवळच्या आमच्या गावातली ती ग्रामसभा आठवते. आमच्या बौद्धवाड्याला मंजूर झालेला नळ दुसऱ्या गल्लीला द्यायचं गावाच्या मोबाईलच्या ग्रुपवर परस्पर ठरलं होतं. वडिलांनी आणि मी संतापून भिंतीभिंतीवर पत्रकं लावली. ती माझ्याकडून वाचून घेऊन शेजारची अक्का सभेला आली. तिच्याकडे फोन नव्हता. सरपंच नाना म्हणाले, “अक्का, ग्रुपवर बठ्ठास्नी हो म्हनेल शे.” अक्का म्हणाली, “मंग नाना, आठे हात वर करा. आम्हना नळ कोनले नको शे, मले दखू द्या.” फोनवर होकार देणारे सगळे समोरच बसले होते. एकही हात वर गेला नाही. नळ वाड्यातच आला. आता माझीही पत्रकं फोनवरूनच जातात. पण काही ठरवायची वेळ आली, की मी खळ शिजवते आणि माणसांना समोरासमोर बोलावते.