शिबोलेथ

इथे परदेशात, टूनगॅबी स्टेशनला एक काका रोज ट्रेनच्या माझ्याच डब्यात चढायचे. डोक्यावर क्रिकेटची हॅट आणि हातातल्या मोबाइलवर इंग्रजी शब्दकोडं. मला फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "आडनाव काय तुमचं?"

हा प्रश्न माझा पुण्यापासूनचा ओळखीचा. मी नुसतं "समीर" म्हणालो. दुसऱ्या दिवशी "गाव कुठलं?" मग "लग्न आपल्यातच केलंत का?" असं खोदून विचारणारे, उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या डब्यात बसतात, हे मी इथेही अनुभवलंय. म्हणून मी इअरफोन घालून बसायचो. गाणी बंदच असायची.

एकदा त्यांनी मला कोपराने ढोसलं. "शिबोलेथ म्हणजे काय हो? कोड्यात बसला, पण अर्थ कळेना."

मी शोधून सांगितलं, "आपला कोण, परका कोण, हे ओळखायचा शब्द. पूर्वी म्हणे नदीवरचे पहारेकरी तो म्हणायला लावायचे. ज्याला नीट म्हणता येईना, त्याला तिथेच कापायचे."

काकांनी मोबाइल खिशात ठेवला.

"म्हणजे आपल्याकडचं आडनाव," ते म्हणाले. "तुम्ही सांगेनात, तेव्हाच मी ओळखलं तुम्हाला."

मी इअरफोन पुन्हा कानात घातले.

त्यांचं स्टेशन आलं. उठता उठता ते माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "जय भीम."

मी आधी डब्यात कोण कोण आहे ते पाहिलं. मग तितक्याच हळू उत्तर दिलं.