झालाचमास्तरांचा जबडा

झालाचमास्तरांच्या आधी त्यांचा जबडा बोलायचा. कानाजवळ 'कट्' व्हायचं आणि मग शब्द बाहेर पडायचे. हे माझे चुलतसासरे. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहायचे. शाळेतून निवृत्त होईपर्यंत दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या होत्या. उरलेल्या पुढच्या दातांनी चावायचं म्हणून खालचा जबडा सतत पुढे काढलेला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यावर चिडलेलेच आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पुढारी 'संयुक्त महाराष्ट्र' म्हणे आणि लोक 'झालाच पाहिजे'. मास्तर दोन्ही म्हणत. "अर्धी घोषणा देणं म्हणजे अर्धी मुंबई सोडणं," असं त्यांचं मत. त्यातला 'झालाच' ते इतका लांबवत, की तेच नाव पडलं.

एकदा चाळीपुढच्या सभेत त्यांनी 'झालाऽऽच' म्हटलं आणि तोंड उघडंच राहिलं. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या पडल्या. मास्तर हातवारे करू लागले, तशा वाढल्या. शेवटी त्यांची बायको, आमच्या काकी, पुढे धावल्या. "टाळ्यो कसल्यो वाजवतास? तेंचो जबडो अडाकलो हा!"

टॅक्सीत घालून त्यांना गिरगावात नेलं. दाताचे डॉक्टर तिथल्याच जुन्या ख्रिश्चन घराण्यातले, भारी मिस्कील. त्यांनी दोन्ही अंगठे तोंडात घालून जबडा खाली दाबला, मागे ढकलला. तो जागेवर बसताच मास्तर गरजले, "पाहिजे!"

"कवळी केली नाही, तर पुन्हा अडकेल," डॉक्टर म्हणाले. पण त्यासाठी आधी जबडा मूळ जागी मिटायला हवा, आणि मास्तरांचा तर पुढेच यायचा. जीभ टाळूला लावा, आवंढा गिळा, मग मिटा, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत. मास्तर आवंढा गिळण्याऐवजी भाषण करत. चाव्याचं माप घ्यायला तोंडात ठेवलेले मेणाचे तुकडे वाया गेले. काकी वैतागल्या, "वायच गप ऱ्हवा हो!"

डॉक्टरांनी नवं मेण तोंडात ठेवलं आणि सहज म्हणाले, "मास्तर, मुंबई वेगळी राहिली तर काय बिघडलं?"

मास्तर अवाक झाले. आवंढा गिळला. जबडा अलगद मागे जाऊन मिटला.

"हीच जागा! आता हलू नका!" डॉक्टर ओरडले. मेण घट्ट होईपर्यंत मास्तर नुसते डोळे वटारून बसले. मेण तोंडातून निघताच मास्तरांचा पहिला प्रश्न, "तुम्ही खरंच असं मानता?"

"अहो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले. आमची मुंबई जाईल कुठे?"

कवळी उत्तम बसली, 'कट्' गेलं. महाराष्ट्र झाला तेव्हा मास्तर डॉक्टरांकडे चिक्की घेऊन गेले आणि तिथेच अर्धी स्वतः चावून संपवली.

काही वर्षांनी ते झोपेतच गेले. कवळी भांड्यात पाण्यात होती. काकी मला म्हणाल्या, "बशय ती. थंय जावन बोलल्याबिगर ऱ्हवचे नाय ते." मी ती बसवली, जबडा मिटला. काकींनी त्यांच्या हनुवटीखाली हात धरला आणि माणसं उचलायला येईपर्यंत काढला नाही.