टोक मोडलेली काडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावात घरोघरी मटणाचा रस्सा शिजायचा. आमच्याकडे मात्र बाबा अंगणात निखारे करून मटणाचे बारीक तुकडे बांबूच्या काड्यांवर भाजायचे. लढाईत ते मलायात अडकले होते, तिथेच हे शिकले. तुकड्यांना हळद, वर शेंगदाण्याची पातळ चटणी, आणि तेल लावायला गवती चहाची ठेचलेली कांडी. लोक हसायचे. हसेनात का, वासानं कुंपणाशी येऊन तेच उभे राहायचे.

मी पोटात असताना बाबा लढाईवर गेले आणि परतले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता तेरा वर्षांची घोडी झाले, तरी माझ्या काडीचं टोक मोडून, फुंकर घालूनच ते ती हातात द्यायचे. मला राग यायचा.

त्या वर्षी आईनं विचारलं, "इतक्या मोठ्या पोरीले टोक मोडून कायले देता?"

"सवय हाये."

"ही लहान होती तवा तुमी तिकडं होते. मंग सवय कोणाची?"

बाबांनी निखाऱ्यावरच्या काड्या परतल्या. "तिकडं एक पोरगी होती. माहीच लेक. भुकेनं गेली."

आईनं तोंडातला घास गिळला नाही आणि थुंकलाही नाही. वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या करीला बाबा निखारे करायला उठलेच नाहीत. आईनंच केले. पहिल्या काडीचं टोक तिनं मोडलं, फुंकर घातली आणि ती पळसाच्या रिकाम्या पानावर ठेवली.

"आता तिचं नाव तरी सांगा," ती म्हणाली.